साष्टीचे पुराणकार : फादर थॉमस स्टीफन्स

रविवारची दुपार. साष्टी प्रांतातील एका चर्चमध्ये लहान मुलांना ख्रिस्तशिक्षण दिले जात आहे. पाद्री प्रश्न विचारीत आहेत आणि मुले पाठ केलेली उत्तरे देत आहेत. तेवढ्यात नव्यानेच ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे येतो आणि पाद्री गुरूंपुढे नम्रपणे आपले गाऱ्हाणे मांडतो. आम्ही तुमची शिकवण घेतली, प्रार्थना मुखोद्गत केल्या, सणवार पाळू लागलो. पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. रिकाम्या वेळी वाचावे, ऐकावे, चार माणसांत बसून ज्याचा विचार करावा असे आता आमच्यापाशी काहीच उरले नाही. तेव्हा तुमच्या धर्माचे एखादे पुराण आम्हांला का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय असतो. पाद्रींना हे म्हणणे पटते आणि ते कथा सांगावयास आरंभ करतात.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात 'ख्रिस्तपुराण' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाचा प्रारंभ असा होतो. हा प्रसंग प्रत्यक्षात तसाच घडला, की ग्रंथकर्त्याने कथेला आरंभ करून देण्यासाठी तो योजिला, हा प्रश्न गौण आहे. त्या ब्राह्मणाच्या तोंडी घातलेली उणीव मात्र खरी होती, आणि ती ओळखणारा माणूस हजारो मैलांवरून येथे आलेला होता. त्या माणसाचे नाव थॉमस स्टीफन्स. पोर्तुगीज त्यांना पाद्री एस्तेव्हांव म्हणत. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांची नोंद घेतात. मराठी माणूस त्यांना ओळखतो तो ओवीकार म्हणून.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. थॉमस वयात येत होते तो काळ इंग्लंडात धर्मकलहाचा होता. पहिली एलिझाबेथ १५५८ साली गादीवर आली आणि पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने राज्यातील उपासनापद्धती एकच ठरवून टाकली. रोमच्या पोपला मानणाऱ्या कॅथलिकांचा मिस्साविधी बेकायदेशीर ठरला. जुन्या श्रद्धेला धरून राहणाऱ्यांना दंड आणि तुरुंगवास सोसावा लागला, आणि पुढे पुढे काहींना प्राणासही मुकावे लागले. थॉमस पाउंड नावाच्या एका कॅथलिक गृहस्थाशी स्टीफन्स यांचा निकटचा स्नेह होता. दोघांनी मिळून रोमला जाण्याचा आणि येशूसंघात प्रवेश करण्याचा बेत केला. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी तेथील संत आंद्रेया या नवशिष्यालयात दाखल झाले.

ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. स्वतःच्या श्रद्धेप्रमाणे उपासना करता येत नाही म्हणून जन्मभूमी सोडलेला हा माणूस होता. सत्तेने एखाद्या समाजाची प्रार्थना, त्याचे ग्रंथ आणि त्याचे उत्सव बंद केले म्हणजे त्या समाजाचे काय होते, हे त्यांनी स्वतःच्या घरी पाहिले होते. पुढे ज्या भूमीत त्यांनी आयुष्य वेचले तेथे नेमकी हीच गोष्ट त्यांच्या स्वतःच्या पंथाचे राज्यकर्ते दुसऱ्या समाजाच्या बाबतीत करीत होते.

रोममधील अभ्यास चालू असतानाच स्टीफन्स यांना भारतातील मिशनकार्याची ओढ लागली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेल्या पोर्तुगीज ताफ्यातून ते भारताकडे निघाले. आफ्रिकेला वळसा घालून झालेला तो प्रवास साडेसहा महिन्यांहून अधिक काळ चालला. ताजे अन्न आणि पाणी न मिळाल्याने जहाजावर रोगराई पसरली. सुमारे दीडशे माणसे आजारी पडली आणि त्यांतील २७ दगावली. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ताफा गोव्याला लागला. त्यानंतर पंधरवड्यानेच, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. वारे, प्रवाह, पक्षी, मासे आणि पूर्वपश्चिम अंतर मोजताना खलाशांना पडणाऱ्या अडचणी यांचे त्यांतील वर्णन इतके नेटके आहे, की रिचर्ड हॅक्लुट या इंग्रज ग्रंथकाराने ते आपल्या समुद्रप्रवासांच्या प्रसिद्ध संग्रहात समाविष्ट केले. जे दिसेल ते बारकाईने पाहावे आणि ते समजेल अशा शब्दांत सांगावे, हा स्टीफन्स यांचा स्वभाव या पहिल्याच लिखाणात प्रकट होतो.

१५८० साली गोव्यातच त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक साष्टीत झाली. मधला थोडाफार काळ वगळता त्यांचे उरलेले सारे आयुष्य याच प्रांतात गेले. बार्देश आणि साष्टी हे दोन्ही प्रांत १५४३ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात आले होते. धर्मप्रसारासाठी बार्देश फ्रान्सिस्कनांकडे, तर साष्टी येशूसंघाकडे सोपविण्यात आली होती. स्टीफन्स येण्यापूर्वी बाराच वर्षे, म्हणजे १५६७ साली, राशोल किल्ल्याच्या कप्तानाने साष्टीतील सुमारे २८० देवळे पाडली होती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय बसलेले होते. देशी भाषांतील धर्मग्रंथ जवळ बाळगणे धोक्याचे झाले होते. सापडलेली पोथीपुस्तके जप्त होत अथवा जाळली जात. घर, शेत आणि गावकरी संस्थेतील आपला वाटा टिकविण्यासाठी काहींनी धर्म बदलला, काही आपले देव घेऊन नदीपलीकडे आदिलशाही मुलखात गेले. काहींनी नवा धर्म मनापासूनही स्वीकारला असेल. परंतु ज्यांनी ज्यांनी तो स्वीकारला, त्या सर्वांच्या मनात एक मोठी पोकळी निर्माण झाली होती, यात शंका नाही.

या तणावाचा स्फोट स्टीफन्स यांनी फार जवळून पाहिला. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे चर्च उभारण्यासाठी जागा पाहावयास गेलेल्या येशूसंघाच्या पाच जणांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही ख्रिस्ती लोकांना गावकऱ्यांनी ठार केले. मारल्या गेलेल्यांत अकबर बादशहाच्या दरबारातून नुकतेच परतलेले रुदोल्फो आक्वाव्हिवा हेही होते. त्यांचे देह मिळवून त्यांना मूठमाती देण्याचे दुःखद काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणीच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांना ठार केले. आपली देवळे पाडली गेल्याचा कुंकळ्ळीच्या लोकांचा संताप आणि आपले सहकारी गमावल्याचे येशूसंघाचे दुःख या दोहोंच्या मधोमध स्टीफन्स उभे होते. साष्टीत राहून काम करावयाचे तर लोकांच्या मनाला जाऊन भिडणारी वाट शोधली पाहिजे, ही जाणीव त्यांना अशा अनुभवांतून झाली असल्यास नवल नाही.

ती वाट भाषेची होती. स्टीफन्स यांनी लोकांच्या बोलण्यातील कोकणी आणि ग्रंथांतील मराठी या दोहोंचा कसून अभ्यास केला. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी पॅरिसमधील आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण त्यांनी नोंदविले. विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या आपल्या सुप्रसिद्ध व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयी विचार मांडले ते १७८६ साली. म्हणजे स्टीफन्स यांच्यानंतर दोनशे वर्षांनी. येथे एका गोष्टीचाही उल्लेख केला पाहिजे. जप्त केलेल्या देशी पोथ्यांपैकी काहींचा उपयोग येशूसंघीय भाषा शिकण्यासाठी करीत. रामायण-महाभारतातील कथांची रोमन लिपीत उतरवून घेतलेली अशी हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात सापडली आहेत. लोकांना वर्ज्य ठरलेले वाङ्मय त्यांच्या नव्या गुरूंच्या टेबलावर अभ्यासासाठी उघडे असे, हा त्या काळाचा विपर्यास होय.

स्टीफन्स यांच्या स्वभावातील ओलावा परकीय प्रवाशांच्या हकिगतींतून दिसतो. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सोबती हे इंग्रज व्यापारी १५८३ साली हेर असल्याच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्स यांनी खटपट केली. ते व्यापारी ज्या राणीचे प्रजाजन होते तिच्याच राज्यात स्टीफन्स यांच्या पंथाचे लोक तुरुंगात सडत होते. पण हा हिशेब त्यांनी केला नाही. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षांनी पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशावर गोव्यात तीच वेळ आली, तेव्हा त्यालाही त्यांचा आधार मिळाला.

या काळातील साष्टीच्या चर्चमध्ये साध्या भाविकाची स्थिती काय होती? मिस्साविधी लॅटिनमध्ये चाले. त्यातील शब्द त्याला कळत नसत. ख्रिस्तशिक्षण प्रश्नोत्तरांच्या रूपात होते. त्यातून श्रद्धेची कलमे पाठ होत, परंतु कलमे म्हणजे कथा नव्हे. बायबलचे देशी भाषेतील भाषांतर सर्वसामान्यांच्या हाती देण्यास तत्कालीन कॅथलिक चर्चचे धोरण अनुकूल नव्हते. ज्या समाजात रामाची, कृष्णाची, पांडवांची कथा ऐकत ऐकत मूल लहानाचे मोठे होत असे, ज्या समाजात धर्म कळण्याचा मार्ग पुराणश्रवणातून जात असे, त्या समाजाच्या हाती आता केवळ विधी आणि निषेध उरले होते. दुःखाच्या प्रसंगी आठवावी, मुलाला झोपविताना सांगावी, वादात दाखल्यासाठी काढावी अशी गोष्ट त्यांच्यापाशी नव्हती. आणि गोष्टीवाचून श्रद्धा घरात शिरत नाही; ती चर्चच्या दारापाशीच थांबते. हे वर्म स्टीफन्स यांना कळले होते. पहिल्या अवस्वरातील ब्राह्मणाच्या मुखातून त्यांनी तेच बोलून दाखविले आहे.

या उणिवेवर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ. त्याचे दोन भाग आहेत. 'पैले पुराण' बायबलच्या जुन्या कराराच्या आधारे रचलेले असून त्यात ३६ अवस्वर, म्हणजे अध्याय, आहेत. विश्वाची उत्पत्ती, आदाम आणि एवा यांचे पतन, नोहाच्या काळचा जलप्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद आणि संदेष्टे यांच्या कथा त्यात येतात. 'दुसरे पुराण' नव्या करारावर आधारलेले आहे. त्याचे ५९ अवस्वर असून त्यात येशूचा जन्म, उपदेश, चमत्कार, क्रूसावरील मरण आणि पुनरुत्थान यांचे निरूपण आहे. हे बायबलचे भाषांतर नव्हे. कथा निवडून, त्यांचा क्रम लावून, ठिकठिकाणी थांबून अर्थ उलगडत नेणारे ते पुनर्कथन आहे. पुराणिक जसे मूळ ग्रंथ समोर ठेवून श्रोत्यांच्या आयुष्याशी त्याचा सांधा जुळवितो, तशीच ही पद्धती आहे.

श्रोता येथे मुका नाही. कथा चालू असताना तो मध्येच प्रश्न विचारतो, शंका काढतो आणि पाद्री गुरू त्याला उत्तर देतात. प्रश्नोत्तरांची ही रीत मराठी श्रोत्याला परिचित होती. नव्या धर्माविषयी ज्या शंका रविवारी चर्चच्या बाहेर पडताना हळू आवाजात बोलल्या जात असतील, त्यांना या ग्रंथात उघडपणे जागा मिळाली. शंका विचारणे म्हणजे श्रद्धेचा भंग नव्हे, हा दिलासा इन्क्विझिशनच्या छायेत राहणाऱ्या माणसाला लहान वाटला नसेल.

छंद ओवीचा आहे. पहिल्या तीन चरणांत यमक आणि चौथा चरण आखूड, ही तिची ठेवण एकनाथांच्या ओवीशी जवळचे नाते सांगते. पैठणच्या एकनाथांनी आपली भागवतावरील टीका १५७३ साली पूर्ण केली आणि १५९९ साली देह ठेवला. गोदातीरावरील भागवतकार आणि साष्टीचे हे पुराणकार अशा रीतीने समकालीन होते. संस्कृतातील ज्ञान प्राकृतात आणून एकनाथांनी जे साधले, तेच लॅटिनमधील कथेच्या बाबतीत स्टीफन्स साधू पाहत होते.

भाषेच्या निवडीविषयी त्यांनी ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत आपली भूमिका स्पष्ट केली आहे. ईश्वरविषयक गोष्टींच्या निरूपणाला या देशातील भाषांत मराठी योग्य वाटल्याने ती स्वीकारल्याचे ते सांगतात. मात्र शुद्ध ग्रांथिक मराठी मध्यम प्रतीच्या लोकांना कळणार नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून जागोजाग येथील ब्राह्मणांच्या बोलीतील, म्हणजेच कोकणीतील, सोपे शब्द त्यांनी मिसळले. विद्वानांची मान्यता मिळविण्यापेक्षा चर्चच्या मागल्या ओळीत बसलेल्या माणसाला समजणे त्यांना अधिक मोलाचे वाटले. मराठी भाषेच्या गौरवाच्या ज्या ओव्या त्यांनी लिहिल्या त्या पुढे पाठ्यपुस्तकांतून घरोघर पोहोचल्या. परंतु त्या गौरवापेक्षाही प्रस्तावनेतील हा साधा निर्णय त्यांच्या मराठीप्रेमाची अधिक चांगली साक्ष देतो.

पारिभाषिक शब्दांच्या बाबतीतही त्यांनी मोठा विवेक दाखविला. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. परमेश्वर, मुक्ती, मोक्ष, स्वामी, गुरू हे शब्द निःसंकोचपणे वापरले. जेथे देशी शब्दाने अर्थाची गफलत होण्याचा संभव होता, तेथे मात्र क्रूस, बाप्तिस्मा यांसारखे शब्द मूळ रूपाच्या जवळ ठेवले. याचा परिणाम असा झाला, की दूरदेशीची कथा ऐकणाऱ्याला आपल्या अंगणातील वाटू लागली. गालील सरोवरावरील कोळ्यांची जाळी, शेतात बी पेरणारा शेतकरी, काना गावातील लग्नघर, हरवलेल्या मेंढरामागे जाणारा मेंढपाळ, ही सृष्टी साष्टीच्या माणसाला मुळीच परकी नव्हती. ती त्याच्या शब्दांत येण्याचेच काय ते उरले होते. एकदा ती तशी आली, की जाळे ओढताना आणि पेरणी करताना ती कथा आठवणे त्याला शक्य झाले.

ग्रंथाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मूर्तिपूजेचे खंडन त्यात आहे. श्रोत्यांच्या पूर्वजांच्या देवांविषयी कठोर उद्गारही त्यात आहेत. ज्या सत्तेने पुराणे बंद केली तिच्या कृत्याबद्दल ग्रंथकर्ता प्रश्न उपस्थित करीत नाही. ब्राह्मणाचे गाऱ्हाणे त्यांनी ऐकले, त्याची उणीव भरून काढली. पण ती उणीव निर्माण करणाऱ्या हातांचा निषेध केला नाही. इंग्लंडातून परागंदा झालेल्या माणसाला हे साम्य जाणवले नसेल काय? त्यांच्या उपलब्ध लिखाणातून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते आपल्या काळाचे आणि आपल्या संघाचे माणूस होते. तरीही ज्या वाङ्मयप्रकाराला त्यांच्या सहधर्मीयांनी अग्नीच्या स्वाधीन केले, त्याच वाङ्मयप्रकारात आपल्या धर्मातील सर्वांत पवित्र कथा सांगण्याचे त्यांनी ठरविले. शब्दांनी दिली नाही अशी एक कबुली या कृतीत सामावलेली आहे.

ग्रंथ सिद्ध झाला तरी छपाईचा प्रश्न होता. मुद्रणयंत्र १५५६ सालीच गोव्यात आले होते. परंतु देवनागरीचे खिळे नव्हते. १६०८ साली स्टीफन्स यांनी रोममधील आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहून देशी लिपीत छपाई व्हावी अशी इच्छा व्यक्त केली. जोडाक्षरांमुळे लागणारे सुमारे सहाशे साचे ही त्यांतील मोठी अडचण होती. ती इच्छा सफल झाली नाही. १६१६ साली राशोल येथे पुराण छापले गेले ते रोमन लिपीत आणि पोर्तुगीज मथळ्याखाली. 'ख्रिस्तपुराण' हे नाव पुढे रूढ झाले. मराठी भाषेतील हा पहिल्या छापील ग्रंथांपैकी एक ग्रंथ अशा रीतीने परक्या लिपीचा वेष घेऊन अवतरला.

रविवारी आणि सणाच्या दिवशी मिस्सानंतर चर्चमध्ये या पुराणाचे वाचन होऊ लागले. ज्या देवळांच्या सभामंडपांत एकेकाळी पुराणे सांगितली जात ती राहिली नव्हती. पुराणश्रवणाची सवय मात्र राहिली होती, आणि तिला आता नवे छप्पर मिळाले. १६४९ आणि १६५४ साली पुराणाची पुनर्मुद्रणे झाली, यावरून त्याची लोकप्रियता कळते. त्याचा प्रभाव इतका होता, की एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीयाने संत पीटरच्या चरित्रावर ओवीबद्ध मराठी पुराण रचले आणि ते १६२९ साली प्रसिद्ध झाले.

स्टीफन्स यांची अन्य दोन पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर राशोल येथे छापली गेली. पोर्तुगीज प्रश्नोत्तरीच्या आधारे कोकणीत तयार केलेले ख्रिस्तशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली निघाले, आणि कोकणीचे व्याकरण दियोगु रिबैरू व इतरांनी भर घालून १६४० साली प्रसिद्ध केले. हे कोकणीचे पहिले छापील व्याकरण. एकोणिसाव्या शतकात कुन्य रिव्हारा यांनी ते १८५७ साली पुन्हा प्रकाशात आणले. मुलांसाठी प्रश्नोत्तरी, नव्या धर्मगुरूंसाठी व्याकरण आणि साऱ्या समाजासाठी पुराण अशी त्यांच्या कार्याची तीन अंगे होती. १६१९ साली, गोव्यातच, या कष्टाळू जीवनाचा शेवट झाला. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी सोडलेल्या मायदेशी ते परत गेले नाहीत.

त्यांच्यामागे त्यांच्या ग्रंथाच्या नशिबी विलक्षण फेरा आला. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून देशी भाषांच्या वापरावर बंदी घातली आणि तीन वर्षांच्या आत लोकांनी पोर्तुगीज भाषेत व्यवहार करावा असे ठरविले. जी सत्ता एकेकाळी हिंदूंची पुराणे बंद करीत होती तिच्याच धोरणाने आता ख्रिस्ती लोकांच्या पुराणाची भाषाही निषिद्ध झाली. चर्चमधील वाचन ओसरत गेले, छापील प्रती नाहीशा झाल्या. तीन आवृत्त्या निघालेल्या या ग्रंथाची त्या काळातील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

मग तो वाचला कसा? तो वाचला, कारण लोक तो वाचीत होते. गोव्यातून दक्षिणेकडे कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्याबरोबर या पुराणाच्या नकला नेल्या. मंगळूर परिसरातील घरांतून पिढ्यान्पिढ्या त्या जपल्या गेल्या, नव्याने उतरविल्या गेल्या आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत मोठ्याने वाचल्या गेल्या. भाषा जुनी झाली, त्यांच्या रोजच्या बोलण्यापासून दूर गेली; तरी ओवीचा ठेका आणि कथेचा धागा तुटला नाही. अशा हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे पुराणाची आवृत्ती काढली आणि विस्मृतीत गेलेला ग्रंथ अभ्यासकांपुढे आला. पुढे जस्टिन ॲबट यांनी लंडनमधील मार्सडेन संग्रहात असलेल्या देवनागरी हस्तलिखिताकडे १९२५ साली लक्ष वेधले. १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. कारिदाद द्रागो यांची आवृत्ती १९९६ साली मुंबईहून, तर अर्वाचीन मराठी गद्यानुवादासह नेल्सन फलकाव यांची आवृत्ती २००९ साली बंगळूरुहून प्रसिद्ध झाली. ज्या लिपीत आपला ग्रंथ छापला जावा अशी स्टीफन्स यांची इच्छा होती, ती त्यांच्या मृत्यूनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी पुरी झाली.

फादर स्टीफन्स यांच्या जीवनाचे मोजमाप करताना दोन टोके टाळली पाहिजेत. परकी सत्तेच्या आश्रयाने आलेला धर्मप्रसारक एवढीच त्यांची ओळख धरली, तर चाळीस वर्षे मराठी-कोकणीचा ध्यास घेतलेला आणि सामान्य भाविकाच्या प्रश्नापुढे थांबलेला माणूस नजरेआड होतो. केवळ मराठीचा गौरव करणारा कवी म्हणून त्यांना डोक्यावर घेतले, तर त्या ब्राह्मणाच्या तक्रारीमागे असलेली पाडलेली देवळे आणि जळालेल्या पोथ्या विसरल्या जातात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. श्रद्धा नियमांनी लादता येते, पण ती माणसाच्या दैनंदिन जीवनात रुजायची तर त्याच्या भाषेतील कथेच्या रूपानेच यावी लागते, हे त्यांनी ओळखले आणि आपल्या लेखणीने सिद्ध केले.

त्यांच्या ग्रंथाची कहाणी ग्रंथप्रेमी माणसाला आणखी एक गोष्ट सांगते. सत्तेच्या परवानगीने छापलेल्या प्रती नष्ट झाल्या. घराघरांतून हाताने उतरविलेल्या प्रती उरल्या. पुस्तकाला खरे आयुष्य देतो तो त्याचा वाचक. साष्टीतील त्या अनामिक श्रोत्याने पुराण मागितले म्हणून ते लिहिले गेले, आणि मंगळूरच्या अनामिक वाचकांनी ते संध्याकाळच्या दिव्याच्या उजेडात वाचीत ठेवले म्हणून ते आपल्यापर्यंत आले. मागणारा आणि जपणारा असे हे दोन अनामिक वाचक फादर स्टीफन्स यांच्या कीर्तीचे खरे भागीदार होत.